सेन्सर खरं बोलत होता

गेले दोन वीकेंड लिहायला म्हणून बसत होतो आणि उठत होतो. विषय डोक्यात होता, पण तो लिहायचा म्हणजे स्वतःचा गाढवपणा चारचौघांत कबूल करायचा. म्हणून कधी मॅच, कधी दुपारची झोप, कधी 'जरा रिलीज आहे' अशी टाळाटाळ चालली होती. आज हापिसचा लॅपटॉप बंद, चहा झालाय, सबबी संपल्या. तर घ्या.

बाबांची गाडी २०१२ची आहे. डिझेल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर झालेली. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. आई-बाबा नाशिकला, मी ठाण्याला. दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबा म्हणाले, "अरे, हिला हल्ली चढावर दम लागतो. तापली की जास्त."

मी लगेच बॅगेतून डोंगल काढलं. हजारभर रुपयांना मिळणारं ब्लूटूथचं डोंगल. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खुपसायचं आणि मोबाइलवर गाडीच्या कॉम्प्युटरशी, म्हणजे ईसीयूशी, बोलायचं. कोड आला पी००८७. अर्थ : फ्यूएल रेल प्रेशर टू लो. इंधनाचा दाब कमी.

"बाबा, प्रेशर सेन्सरचा कोड आहे. सेन्सर उडालाय."

"सेन्सर? मला वाटलं डिझेल पोचत नसेल. थंड असताना ठीक असते रे, तापली की..."

"बाबा, कॉम्प्युटर सांगतोय." हे मी ज्या सुरात म्हणालो तो सूर आत्ता आठवला तरी कानशिलं तापतात. बाबा म्हणाले, "बरं. मला काय कळतंय त्यातलं."

दोन-तीन व्हिडिओ बघितले, साडेसहा हजारांचा सेन्सर मागवला आणि जवळच्या गॅरेजात बसवून घेतला. त्यांनीही 'हो हो, सेन्सरच' म्हणून दुजोरा दिला. कोड पुसला. गाडी झकास. नाशिकमध्ये बाजार, बँक, कॉलेज रोड, सगळीकडे बाबांनी तीन आठवडे फिरवली. दिवा परत लागला नाही. मी हापिसात दोघा-तिघांना ही गोष्ट सांगितलीसुद्धा. एंजिनियर आहे शेवटी :)

आता पुढचं सांगण्याआधी हे सेन्सर मुळात करतात काय, ते थोडक्यात सांगतो. थोडक्यात म्हणजे माझ्या थोडक्यात.

तापमानाचा सेन्सर सोपा आहे. इंजिनाच्या कूलंटमध्ये बुडालेली पितळी टोपी, आत धातूंच्या ऑक्साइडचा एक बारीक मणी. त्याला थर्मिस्टर म्हणतात. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, याचं उलटं. तापला की रोध उतरतो. जो प्रकार सर्रास वापरतात त्यात २० अंशांना अडीच हजार ओहम, ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास आणि १०० अंशांना १८७.

मी हे घरी करून बघितलं. भंगारवाल्याकडून शंभर रुपयांत एक जुना सेन्सर आणला, मल्टिमीटर लावला. खोलीत एकोणीसशेच्या आसपास ओहम. मग पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला तर आकडे धडाधड खाली आले आणि दोनशेच्या आत थांबले. नाशिक साधारण सहाशे मीटर उंचीवर असल्याने पाणी तिथं ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे हिशेब जुळला. आई मात्र म्हणाली, "त्या पातेल्यात आता चहा करायचा नाही." ते पातेलं तेव्हापासून माझ्या खोलीत आहे.

मुद्दा असा की ईसीयूला तापमान कधीच दिसत नाही. त्याला दिसतो व्होल्टेज. तो आपल्याकडून ५ व्होल्ट एका ठरावीक रेझिस्टरमधून पाठवतो आणि सेन्सरपाशी किती उरले ते मोजतो. तो आकडा घेऊन आतल्या तक्त्यात बघतो आणि म्हणतो, 'हं, ८८ अंश.' आपल्या भाषेत लुकअप टेबल. त्यावरून पंखा कधी लावायचा, थंड इंजिनाला इंधन किती जास्त द्यायचं, हे सगळं ठरतं.

बाबांकडे मी लहान असताना सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी होती. डिसेंबरच्या सकाळी बाबा चोकचा दट्ट्या ओढायचे, गाडी सुरू झाली की मान तिरकी करून ऐकायचे आणि आवाज बदलला की दट्ट्या हळूहळू आत ढकलायचे. म्हणजे तेव्हा तापमानाचा सेन्सर बाबा, ईसीयूही बाबाच. हे मला तेव्हा सुचलं नाही, दिवाळीतही सुचलं नाही.

बरं, वायर तुटली तर? रोध अनंत, ईसीयूला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि तक्त्याप्रमाणे उत्तर येतं उणे ४० अंश! माझ्या डोंगलला तापमान एका बाइटमध्ये येतं, ० ते २५५. त्यातून ४० वजा करायचे. म्हणजे उणे ४० हे चक्क शून्य आहे, खालची हद्द. आता निफाडला कितीही द्राक्षं गारठोत, उणे ४० होत नाही, हे ईसीयूलाही कळतं. तो सेन्सरला बाजूला ठेवतो, एक अंदाजाचा आकडा धरतो, इंजिन जळू नये म्हणून पंखा चालू करून टाकतो आणि दिवा लावतो.

ठार मेलेला सेन्सर म्हणून फारसा त्रास देत नाही. खरा त्रास पटण्यासारखं खोटं बोलणाऱ्याचा. समजा कनेक्टरच्या पिनेवर हिरवा गंज चढला आणि वाटेत ५०० ओहम वाढले. इंजिन १०० अंशांवर आहे, पण १८७च्या जागी ६८७ दिसले. तक्ता म्हणतो ५५ अंश. ५५ अगदी पटण्यासारखं आहे! ईसीयू बिचारा इंजिन अजून कोमट आहे असं समजून जास्त इंधन देत राहतो. गंमत म्हणजे यात सेन्सर खोटं बोललेलाच नाही. वाटेत कुणीतरी निरोप बदललाय.

आता दाबाचा सेन्सर. आजकालच्या डिझेल गाड्यांत कॉमन रेल असते. मोटारींमध्ये ही पद्धत १९९७च्या अल्फा रोमिओ १५६ पासून आली. टाकीतलं डिझेल फिल्टरमधून पंपात जातं, पंप ते प्रचंड दाबाने एका जाड नळीत भरतो. ही नळी म्हणजे रेल. रेलमधून चारही इंजेक्टरना पुरवठा. ईसीयू सांगेल तेव्हा, सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावं इतका वेळ, इंजेक्टर उघडतो. गाडी नुसती चालू ठेवली तर रेलमध्ये तीनशे बारच्या आतबाहेर, दामटली की सोळाशेपर्यंत. आपल्या टायरात असतात सव्वादोन बार. सोळाशे बार म्हणजे एक चौरस सेंटिमीटरवर सोळाशे किलोहून जास्त भार, करंगळीच्या नखावर अख्खी एसयूव्ही. (म्हणूनच इंजिन चालू असताना त्या नळ्यांना हात लावू नये, गळती बोटाने चाचपू नये. ती बारीक धार कातडीच्या आत शिरते. मग बँडेडने भागत नाही, ऑपरेशन लागतं.)

हा दाब मोजणार कसा? सेन्सरच्या टोकाला पोलादाचा पातळ पडदा असतो. एका बाजूने डिझेल रेटतं, पडदा किंचित फुगतो. दुसऱ्या बाजूवर चार रेझिस्टर ब्रिजमध्ये जोडलेले. पडदा ताणला की ते ताणतात, त्यांचा रोध बदलतो. हो, तोच तो व्हीटस्टन ब्रिज, बारावीच्या प्रॅक्टिकलला ज्याचा काटा शून्यावर आणताना आपण रीडिंग शेजारच्याचं उतरवलं होतं. ब्रिजमधून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. सेन्सरमधलंच एक सर्किट ते वाढवून साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट करतं.

शून्य दाबाला शून्य व्होल्ट न ठेवता अर्धा का? कारण वायर तुटली तर ईसीयूला शून्य व्होल्ट दिसतील आणि 'दाब शून्य आहे' व 'मला काही ऐकूच येत नाही' यातला फरक कळणार नाही. आपण डेटाबेसात शून्य आणि नल वेगळे ठेवतो ना, अगदी तेच. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत उठून बसलो होतो.

आता ईसीयू काय करतो? ठरवतो की या क्षणी मला बाराशे बार पाहिजेत. सेन्सरला विचारतो किती आहेत. हजार असतील तर पंपाला सांगतो, अजून डिझेल घे. पुन्हा विचारतो. हे अखंड चालू. पंप पूर्ण जोर लावतोय तरी मागितलेला दाब काही वेळ मिळत नाही, तेव्हा तो हात टेकतो, लिहून ठेवतो पी००८७ आणि इंजिनाची ताकद कापतो. याला लिंप मोड म्हणतात. लंगडत का होईना, घरी पोचा.

आता नीट बघा. पी००८७चा अर्थ 'सेन्सर बिघडला' असा नाहीच. सेन्सरच्या वायरिंगच्या तक्रारींचे कोड वेगळे आहेत, पी०१९० पासून पुढचे. पी००८७ म्हणजे सेन्सर ठणठणीत आहे असं धरून ईसीयू सांगतोय की दाब कमी पडतोय. सेन्सर चुकलेला असू शकतो, नाही असं नाही. पण यादीत तो पहिला नाही.

सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर वॉचमन वर येऊन म्हणाला, 'साहेब, गच्चीवरच्या टाकीत पाणी कमी आहे.' मोटर थकली असेल, महापालिकेचंच पाणी कमी येत असेल, कुठल्यातरी फ्लॅटचा नळ गळत असेल. मी काय केलं? वॉचमन बदलला. साडेसहा हजार रुपये देऊन.

तर आता घाट.

डिसेंबरमध्ये कल्याणला एक लग्न होतं. आई-बाबा गाडी घेऊन आले. संध्याकाळी परत निघालो, गाडी मी चालवत होतो. समृद्धीने जाता आलं असतं, पण आईला घाटनदेवीला थांबायचं होतं, म्हणून जुना रस्ता. शहापूरपर्यंत उत्तम. बाबा पुढे बसून अधूनमधून मान तिरकी करत होते. मी म्हणालोही, "आता काय ऐकताय, बाबा? नवीन सेन्सर आहे."

कसारा घाट लागला तेव्हा अंधार पडला होता. चढाच्या मध्यावर पुढचा ट्रक ओलांडायला मी ॲक्सिलरेटर दाबला आणि काहीच झालं नाही. म्हणजे पाय खाली गेला, गाडी नाही गेली. नारिंगी दिवा लागला. मी अर्धा बाहेर, डाव्या हाताला ट्रक आणि मागे कंटेनर. त्याचे हेडलाइट आरशात वाढत गेले आणि हॉर्न सुरू झाला. मी पाय दाबतोच आहे, गाडीचा वेग कमीच होतोय.

"पाय काढ," बाबा म्हणाले. "पार्किंग लाइट लाव. गिअर खाली घे. ट्रकला जाऊ दे पुढे. आता डावीकडे."

आवाज अजिबात चढलेला नव्हता. मी सांगितलं तसं केलं. ट्रक पुढे गेला, आम्ही त्याच्या मागे कडेला घुसलो, कंटेनर हॉर्न वाजवत उजवीकडून निघून गेला. गाडी कडेला लावून बंद केली. माझे हात थरथरत होते. मागच्या सीटवर आई एक शब्द बोलली नाही. आई बोलत नाही म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

बाबा म्हणाले, "पंधरा मिनिटं थांब. गार होऊ दे." झाली गार. सुरू केली, दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत वर आलो. घाटनदेवीला आई नेहमीपेक्षा बराच वेळ हात जोडून उभी होती.

सोमवारी सुट्टी टाकली आणि बाबा मला अंबडच्या एका पंप-नोझलवाल्याकडे घेऊन गेले. नाशिकला ही जमात जुनी आहे. सातपूरला बॉशचा कारखाना, म्हाताऱ्यांच्या तोंडी अजूनही 'मायको', डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल तिथं बनतात. त्यामुळे त्यातलं कळणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. मी डोंगल दाखवायला लागलो तर तो म्हणाला, "भाऊ, ते राहू द्या. काका, तुम्ही सांगा, गाडी कधी दगा देते?"

बाबा म्हणाले, "गार असताना नाही. तासभर चालली, तापली आणि चढ आला की."

"मग इंजेक्टर रिटर्न मारत असेल. बघू."

इंजेक्टरकडे आलेलं सगळं डिझेल इंजिनात जात नाही. थोडं त्यातूनच रिटर्नच्या नळीने टाकीकडे परत जातं. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून त्याने चार छोट्या पारदर्शक बाटल्या लावल्या आणि गाडी सुरू केली. दोन-तीन मिनिटांनी बघितलं तर चारही बाटल्यांत साधारण सारखंच. मला आत कुठंतरी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याने बाटल्या रिकाम्या केल्या, गाडी अर्धा तास बाहेर दामटून आणली आणि पुन्हा तेच केलं. तीन बाटल्या तळाशी, तिसऱ्या नंबरची अर्ध्याच्या वर. त्याच्या मोठ्या स्कॅनरवर तर ईसीयू मागतोय किती आणि मिळतंय किती, दोन्ही शेजारी शेजारी दिसत होतं. मागणी बाराशे, हजेरी साडेआठशे. माझ्या डोंगलवर फक्त हजेरी दिसायची.

डिझेल तापलं की पातळ होतं. इंजेक्टरच्या आतल्या भागांत काही मायक्रॉनची फट असते. झिजलेल्या इंजेक्टरमध्ये ती जरा जास्त. गार डिझेल जाडसर, फारसं निसटत नाही. तापलेलं डिझेल निसटतं. ईसीयूला डिझेलचं तापमानही कळतं, त्यासाठी वेगळा सेन्सर असतो आणि त्याप्रमाणे तो इंजेक्शनचं गणित थोडं बदलतोही. पण गळती तो बुजवू शकत नाही. पंप जीव तोडून भरतोय आणि एक नळ उघडा. शहरात एवढा दाब लागतच नाही, म्हणून तीन आठवडे सगळं झकास होतं. घाटात लागतो.

बाबा निवृत्त होईपर्यंत सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. मायक्रॉन हा शब्द ऐकल्यावर ते आणि तो पंपवाला जे बोलायला लागले, त्यात मला शिरायला जागा नव्हती. मी दोघांसाठी चहा आणला.

इंजेक्टर दुरुस्त झाला, बिल माझ्या सेन्सरपेक्षा थोडं जास्त. काढलेला जुना सेन्सर त्याने तपासून दिला. ठणठणीत. तो आता माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो.

विचार करतो तेव्हा वाटतं, हे मला कळायला हवं होतं. रोज हेच काम करतो. लॉगमध्ये एरर ज्या मॉड्यूलच्या नावाने पडते, बग तिथेच असतो असं नाही. ज्याने ओरडून सांगितलं तो बहुतेक वेळा निरपराध असतो, त्याला मिळायला हवं होतं ते मागच्याने दिलेलं नसतं. कोड सांगतो तक्रार कुणी केली. गुन्हा कुणी केला ते शोधावं लागतं. हे मी नव्या पोरांना शिकवतो. पण घरी मोबाइलवर कोड दिसला आणि सगळं विसरलो.

आणि सगळ्यात लागणारी गोष्ट वेगळीच. दिवाळीत माझ्यासमोर दोन नोंदी होत्या. एक डोंगलची : दाब कमी. दुसरी बाबांची : तापली की. दोन्ही खऱ्या होत्या. एक मी चुकीची वाचली आणि दुसरी ऐकलीच नाही, कारण ती व्होल्टमध्ये नव्हती. निदान मात्र त्या दुसरीतच होतं. पंपवाल्याने पहिला प्रश्न तोच विचारला, मी तो दीड महिन्यात विचारला नव्हता.

परत येताना मी म्हणालो, "बाबा, तुम्ही आधीच सांगितलं होतं." ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं," आणि हसले. या वेळी ते वाक्य मला वेगळं ऐकू आलं.

पुढच्या शनिवारी तिघंही मुद्दाम घाटातून गेलो. गाडी बाबांना चालवायला दिली आणि डोंगल घरी ठेवलं. चढ आला तशी त्यांनी मान तिरकी केली. मीही केली. मला काही ऐकू आलं नाही.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"बरी आहे," बाबा म्हणाले.

असो. आईची हाक आलीय, जेवायला बसतो.